पंप मी निवडला होता

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझी पोस्टिंग नवी मुंबईला झाली. मी हवालदार, ट्रेड मेकॅनिक. खाडीकाठी आमची सहा जणांची डिटॅचमेंट, म्हणजे छोटी तुकडी होती आणि गस्तीची एक बोट. बाकीच्यांना फॅमिली क्वार्टर मिळाले होते. माझी आई आजारी, म्हणून बायको साताऱ्याकडे गावीच. मी बोटशेडच्या मागच्या खोलीत राहायचो. संध्याकाळी पाचला सगळे गेले की समोर खारफुटी आणि लांब नेरूळच्या इमारतींचे दिवे. सकाळी सहाच्या फॉल-इनपर्यंत, म्हणजे हजेरीपर्यंत, बोलायला कोणी नसे. रविवारी तर दिवसभर नसे.

बोट नाईक युनूस मुकादम चालवायचा. उरणकडचा. खाडीतला प्रत्येक गाळ त्याला माहीत. मला उस्ताद म्हणायचा.

बोटीचा वेग वाढवा, असा हुकूम आला. इंजिनावर सुपरचार्जर बसवला. हे यंत्र इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त लागतं. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा जुना पंप पुरा पडणार नव्हता. नवा निवडायचं काम माझं.

माझ्यासमोर दोन पंप होते. एक तुर्भ्याच्या दुकानातून आणलेला, मोठा. दुसरा खास बोटीसाठी बनवलेला, आकाराने लहान. एकेकाची नळी मी डब्यात सोडली आणि घड्याळ लावलं. मोठ्याने डबा जवळजवळ निम्म्या वेळात भरला. मी बसवायला मोठा पंप निवडला.

मुकादम बघत उभा होता. म्हणाला, "उस्ताद, डब्यात पेट्रोलला अडवायला काही नाही. इंजिनात हवेचा दाब उलटा येईल ना?"

प्रश्न बरोबर होता. दाब देऊन टेस्ट घ्यायची तर प्रेशर गेज जोडायला हवा होता, अर्धा दिवस गेला असता. आणि माझ्या ट्रेडमध्ये त्याने बोलणं मला रुचलं नाही.

"तू बोट चालव," मी म्हणालो. "पंप मी बघतो."

"ठीक आहे, उस्ताद," म्हणून तो गेला.

ट्रायल मंगळवारी, सकाळी दहाला. बोटीवर मुकादम आणि सिग्नलचा एक जवान. मी जेटीवर रेडिओ घेऊन. अर्ध्या थ्रॉटलवर इंजिन छान चाललं. दहा वाजून बावीस मिनिटांनी मुकादमने फुल थ्रॉटल दिला. आवाज चढला, मग खडखडला आणि थांबला. पेट्रोल कमी पडून पिस्टन जळाला होता. ते मला जेटीवरच आवाजावरून कळलं.

रेडिओवर मुकादम आला. "जेटी, बोट. इंजिन बंद. ओव्हर."

"अँकर टाक. ओव्हर."

"टाकलाय. धरत नाही. ओहोटी जोरात आहे. समोर बार्ज. ओव्हर."

नांगरलेला, माल वाहायचा रिकामा बार्ज मला दिसत होता. दुसरी बोट आमच्याकडे नव्हती. मी म्हणालो, "दोघेही उडी मारा. ओव्हर."

"जवानाला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट बांधतोय. आउट."

त्याने जवानाचं जॅकेट बांधलं आणि त्याला मोकळ्या बाजूला पाण्यात ढकललं. तेवढ्यात बोट बार्जवर आदळली आणि त्याच्या खाली ओढली गेली. जवानाला कोळ्यांच्या होडीने उचललं. मुकादम दुपारी सापडला.

दोन दिवसांनी मी दोन्ही पंप दाब देऊन तपासले. मोठ्याची धार तिसऱ्या हिश्श्यावर आली. लहानाची तशीच राहिली. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी हे सांगितलं, आणि मुकादमचा प्रश्नही सांगितला. मला ताकीद मिळाली. नोकरी राहिली. लहान पंप बसवलेली नवी बोट मी तिथे असेपर्यंत एकदाही बंद पडली नाही.

महिन्याने मुकादमच्या घरी गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो, आणि सांगितलं. त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.  मग आत गेली. मला वाटलं, आता निघावं.

ती ताट घेऊन बाहेर आली. तांदळाची भाकरी, माशांचं कालवण.

"ते सांगायचे, उस्ताद रविवारी एकटेच असतात, एकदा घरी आणतो," ती म्हणाली. "बसा. जेवून जा."

मी बसलो.  ताटात काही ठेवलं नाही.