चष्मा माझा, दुर्बीण यांची

आमचे हे अंबरनाथला मोरिवलीच्या एका कारखान्यात पर्चेस ऑफिसर होते. कारखान्यात आठ तास आणि घरी उरलेले सोळा. बेलवलीच्या आमच्या घरात तीन ठिकाणचे भाव काढल्याशिवाय साधी केरसुणीसुद्धा आली नाही. मलाही तीन स्थळांतूनच पास केली होती, आणि त्यातली लोएस्ट मी, हे सासूबाईंनी पुढे बरेचदा ऐकवलं.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा हे म्हणाले, "पाटल्या करायच्या का तुला?"

"पाटल्या नकोत. दुर्बीण हवी. चांगली, फॉरेनची."

हे आधी हसले. मग बायको खरंच मागतेय हे कळल्यावर घाबरले.

त्याचं मूळ बारवी धरणात होतं. त्या वर्षांत कारखान्यातली ऑफिसर मंडळी रविवारी सहकुटुंब तिकडे पक्षी बघायला जायची. डोक्यावर कॅनव्हासच्या टोप्या, डब्यात इडल्या. माझा चष्मा शाळेपासूनचा, काचा बाटलीच्या बुडासारख्या. कोणी बोट दाखवायचं, "वहिनी, तो बघा, दुसऱ्या फांदीवर!" मला पहिली फांदीच दिसायची नाही. मी म्हणायचे, "हो हो, दिसला. काय गोड आहे!" म्हणजे सगळे इडल्यांकडे वळायला मोकळे. वर्षानुवर्षं हे छान चाललं होतं. मग एकदा उंबराच्या झाडावर काहीतरी पिवळं हललं आणि मीच सगळ्यांच्या आधी ओरडले, "हळद्या! अय्या, कसा झुलतोय बघा!"

ती प्लास्टिकची पिशवी होती. सगळे हसले. हे तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले, आणि घरी येऊन मोरीत तोंड धुताना रडले. मला एकदा खरा पक्षी बघायचा होता, अगदी त्याच्या डोळ्यापर्यंत. दुसरं काही नको होतं.

तर यांनी कोटेशनं मागवली. एक मुंबईच्या फोर्टातल्या दुकानाचं, एक दुबईच्या भाच्याचं आणि एक उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या सिंधी दुकानदाराचं, जो परदेशी घड्याळं, कॅमेरे आणि सेंट एकाच कपाटात ठेवायचा. मग कारखान्यातले एक मित्र घरी आले आणि दोघांनी टेबलावर कागद पसरला. किती पट मोठं दिसतं, हाच मुख्य रकाना. "दहाच्या खाली बघूच नका," मित्र म्हणाले. दोघांचेही डोळे ठणठणीत, आणि दोघं मिळून माझ्या डोळ्यांसाठी दुर्बीण निवडत होते. मी चहा ठेवायला गेले. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं किटलीलाच सांगितलं.

कॅम्प तीनचा भाव सगळ्यांत कमी निघाला. "मी येते बरोबर," म्हटलं, तर हे म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" तरी गेले. शेअर रिक्षात मांडीवर कोणाचं तरी जीन्सचं गाठोडं घेऊन गेले.

दुकानदाराने दहा पटीची दुर्बीण काढली आणि अर्थातच यांच्या हातात दिली. यांनी ती समोरच्या जीन्सच्या कारखान्यात टांगलेल्या पँटींवर रोखली. "वा! टाका न् टाका दिसतोय!" मग माझी पाळी. दुर्बीण चष्म्याला लावली तर सगळीकडे काळोख आणि मधोमध बताशाएवढा उजेड.

"भाभी, चश्मा निकालो ना."

काढला. चाक फिरवून बोटं दुखली, पण पँटी धुक्यातच. माझा नंबर नुसता मोठा नाही, तिरकाही आहे, तो त्या चाकाने भरून निघत नाही. शिवाय चष्मा काढल्यावर मुळात झाड कुठे आहे ते मला कोण सांगणार?

"सवय होईल गं," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अहो, पंचवीस वर्षांत तुमची झाली नाही, हिची कुठून होणार? तुम्ही तिकडे स्टुलावर बसा. साईं, जितनी है उतनी सब निकालो!"

एकेक दुर्बीण चष्म्यावर लावत सुटले. डोळ्यांकडच्या रबरी वाट्या मध्ये येत होत्या, म्हणून त्या सरळ उलट्या दुमडल्या.

"अरे भाभी, नया माल है, रबर फटेगा!"

"फटेगा तो मैं लूँगी."

वाटी दुमडल्यावर बताशाची पुरी झाली. पण कडेचा काळोख काही जाईना. एक तर वीस पटीची होती, ती उचलतानाच मान गेली, नाकापेक्षा मोती जड! शेवटी कपाटाच्या तळातून धुळीचा खोका निघाला. जर्मन, आणि फक्त सात पट. लावली, आणि काळोख गेला. समोरच्या कारखान्याचं अख्खं दार दिसलं, दारातला शिंपी दिसला, त्याने ओठांत धरलेला दोरासुद्धा दिसला.

"कम दिखाती है ना, इसलिए कोई लेता नहीं," दुकानदार म्हणाला. भाव मात्र सगळ्यांत जास्त.

हे स्टुलावरून उठले. "अगं, जास्त पैसे देऊन कमी मोठं? कागदावर कुठे बसवू मी हिला?"

"माझ्या गळ्यात बसवा. पाटल्या समजून."

पुढच्या रविवारी बारवीला गेलो. तोच उंबर. पहिल्यांदा दिसली ती तीच पिशवी, चिंध्या झालेली. तिच्यावरची अक्षरंसुद्धा वाचली, कॅम्प तीनच्याच साडीच्या दुकानाची होती. मला हसू आलं. तेवढ्यात तिच्या वरचं पान हललं आणि पिवळंजर्द काहीतरी पुढे सरकलं.

पिसं दिसली, लालसर चोच दिसली. डोळ्यावरून मागे गेलेली काजळाची रेघ, आणि त्या काजळात लाल, ओला डोळा.

"दिसला का?" यांनी विचारलं.

चष्म्याची एक काच वाफेने धुरकट झाली, तरी मी दुर्बीण काढली नाही. यांना वाटलं, हिला आजही दिसत नाही. जवळ येऊन हळूच म्हणाले, "नसेल दिसत तर राहू दे हं. दुसरी आणू. भाव नाही बघणार."

"गप्प बसा हो," मी कुजबुजले. "तो माझ्याकडे बघतोय."