अस्सल जातीचं पिल्लू

आमच्या कुत्रीला दिवेलागणीनंतर जिना उतरवेना, तेव्हा आम्ही तिला आळशी ठरवून मोकळे झालो. ती पायरीवर पंजा ठेवायची, मागे घ्यायची आणि मी वरून चेष्टा करायचो, "महाराणींना पालखी आणू का?" पुढे ती भर दुपारी खुर्चीवर आपटली, तेव्हा कुठे तिला जळगावातल्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. आतला पडदा मरत चाललाय, म्हणाले. रक्तातून आलेला आजार, उपाय नाही. मग विचारलं, "हिला पिल्लं झालीत? बाप कोण?"

बाप तिचाच पहिल्या वेताचा मुलगा. जातीत भेसळ नको म्हणून ती जोडी मीच लावली होती. शेजारी तेव्हा म्हणालेही होते, "घरातल्या घरात सोयरीक करता का राव?" मी हसण्यावारी नेलं. जातीचा माज माणसांत कमी होता म्हणून मी तो कुत्र्यांपर्यंत नेला. त्या वेतातलं एकच पिल्लू जगलं होतं.

"त्यालाही होऊ शकतं," डॉक्टर म्हणाले. "आधी अंधारात दिसेनासं होईल. ज्यांना दिलंय त्यांना आजच सांगा."

दिलं होतं नानांना. वडिलांचे मित्र, एरंडोलजवळ त्यांचा मळा, मळ्यात बिनकठड्याची विहीर. दोन मिनिटांचा फोन होता. पण पिल्लू देताना मीच छाती फुगवून म्हणालो होतो, "अस्सल आहे नाना, अख्ख्या तालुक्यात असं सापडणार नाही." आता कुठल्या तोंडाने सांगणार? रविवारी जाऊन सांगू, म्हटलं. असे पाच रविवार गेले.

सहाव्या आठवड्यात नानाच दारात आले. बसा म्हटलं तर बसेनात.

"भाऊ, तुमनं कुत्रं गयं. दिन बुडना का ते कोपरामा दडी बसे. मी त्याले भित्रं समजनू, मारं बी. परवा तिन्हीसांजले मी हाक मारी. ते पयत उनं अन् विहीरमा पडनं." त्यांनी हात जोडले. "इतलं जातिवंत जनावर, माले सांभाळता उनं नही. माफ करा."

निदान तेव्हा तरी बोलायला हवं होतं. माझी मलाच किळस आली. नानांचे हात जोडलेलेच होते.

"जाऊ द्या नाना," मी म्हणालो, "मी काही तुमच्यावर रागावलो नाही."