पहिली पाटी

नाव : निंगव्वा भ्रतार गुरप्पा. वय : अदमासे तीस. मूळ गाव : अक्कलकोटाकडचे, नक्की सांगता येत नाही. धंदा : बिगारी (स्त्री), अकुशल. कामाचे स्वरूप : नैमित्तिक. मजुरी : रोज सहा आणे. इमारतीच्या मजबुतीशी अगर तीवर काम करणारांच्या जीविताशी संबंध : नाही. सही : डाव्या हाताचा अंगठा.

हा कागद १९२७ च्या चैत्रात रावजी ठेकेदाराच्या कारकुनानं, धोंडीरामानं, वळणदार अक्षरात भरला. कामावर माणूस जखमी झालं तर मालकानं भरपाई द्यायची, असा सरकारचा कायदा आला होता. त्यात नैमित्तिक कामगार धरत नाहीत, असं रावजींनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. तेव्हापासून त्यांच्याकडं नैमित्तिक नसलेलं असं कुणी उरलंच नव्हतं. निंगव्वा गेली पाच वर्षं रोज सकाळी न चुकता नैमित्तिक येत होती. चुना मळायच्या घाणीचा बैल तेवढा कायम होता, कारण तो रावजींनी विकत घेतलेला होता.

काम चालू होतं साखर पेठेच्या अंगाला, एका सूतवाल्या शेटजींच्या तीन मजली पेढीचं. दोन मजले चढले होते. तिसऱ्यासाठी परांची वर न्यायची होती. परांची म्हणजे वासे उभे-आडवे बांधून, वर फळ्या टाकून केलेली ती वाट, जिच्यावरून गवंडी भिंत रचतो आणि बायका डोक्यावर विटा-चुना घेऊन चढतात. खिळा नाही, बोल्ट नाही. सगळी मदार दोरावर आणि गाठ मारणाऱ्याच्या हातावर. तो हात गुरप्पाचा, म्हणजे निंगव्वाच्या नवऱ्याचा.

या कामात एक रिवाज होता. तो कुठल्या करारात नव्हता, आणि म्हणूनच बहुधा पाळला जाई. परांची बांधून झाली की पहिली पाटी बांधणाऱ्याच्या घरच्या बाईनं वर न्यायची. ती सुखरूप खाली आली की मुकादमानं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा, मग बाकीच्यांनी चढायचं. गुरप्पाच्या गाठी सोलापुरात नावाजलेल्या होत्या. आदल्या रात्री घरात भांडण झालेलं असलं तर तो प्रत्येक गाठीला एक वेढा जास्तच देतो, असं बायका म्हणत. निंगव्वाला त्यांनी विचारलं तर ती म्हणे, "माझ्याच धाकानं देतो की. मी पडून उरले तर?"

त्या चैत्रात गुरप्पाला हिवतापानं धरलं. रावजी दोन दिवस थांबले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मेव्हण्याला, आप्पाला, परांची बांधायला लावलं. आप्पा वैरागकडचा, बिनलग्नाचा, बहिणीच्या घरी राहून खाणारा आणि सांगितलं ते करणारा. बायको नाही म्हणजे रिवाजाचीही कटकट नाही, असा रावजींचा हिशेब. दोरसुद्धा त्यांनी बाजारातून आणवला नाही. आपल्या वैरागच्या मळ्यातून गाडीत घालून आणवला.

सकाळी सात बायका शिडीपाशी आल्या आणि उभ्या राहिल्या. सगळ्यांनी निंगव्वाकडं पाहिलं. निंगव्वानं वर पाहिलं. दोर काळपट होता आणि गाठीतून त्याचे पेड कुत्र्याच्या जिभेसारखे बाहेर लोंबत होते. तिनं एका वाशाला हात लावला. वासा हलला नाही, पण गाठ हलली.

ती शिडीपासून बाजूला झाली आणि आपली रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर बसली. मग बाकीच्या सहाही बसल्या.

रावजी आले. त्यांनी आधी समजुतीनं सांगितलं, मग शेटजींना दिलेली मुदत सांगितली, मग रिवाजाचं करारात नाव नाही हे सांगितलं. निंगव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि बांधणाऱ्याच्या घरचं कोण, एवढंच विचारलं. घरचं कोणी नाही, म्हणून तर बांधायला लावला, असं रावजी बोलून गेले. मग त्यांनी शेवटचं सांगितलं : घटकाभरात जी चढणार नाही तिचं नाव धोंडीराम कागदावरून काढील. धोंडीरामानं लेखणी दौतीत बुडवून तयारी दाखवली.

 घरी निंगव्वाचा नवरा घोंगडीखाली कुडकुडत होता. दोघांच्या मजुरीतली एक आधीच बंद होती. दुसरी गेली तर चूल तिसऱ्या दिवशी बंद. वर गेलं तर कदाचित काही होणारही नाही. गाठी कधी कधी नुसत्या दयेनंही टिकतात. ती उठली, पाटी सरळ केली आणि चुंबळ हातात घेतली. बायकाही उठू लागल्या.

एवढ्यात रावजींची बायको सारजाबाई आल्या. नवऱ्याची आणि भावाची भाकरी घेऊन त्या रोज याच वेळेला येत. निंगव्वानं त्यांच्या हातातल्या पाटीकडं पाहिलं. दोघांची भाकरी, एकाच चुलीवरची.

"अक्का," ती म्हणाली, "आप्पा तुमच्याच हातचं खातो न्हवं?"

"मग काय, वाऱ्यावर जगतो व्हय?"

"मग तुमीच त्याच्या घरच्या."

रिवाज काय ते निंगव्वानं सांगितलं. सारजाबाईंना त्यात वावगं काही दिसलं नाही. मळ्यात पेरणीची पहिली मूठ त्याच धरत. भावानं बांधलेल्या परांचीवर पहिलं पाऊल टाकण्यात त्यांना मानच वाटला. त्यांनी भाकरी खाली ठेवली, पदर खोचला, चुंबळ डोक्यावर घेतली. निंगव्वानं पाटीत मोजून चार विटा भरल्या आणि हात लावून डोक्यावर दिल्या. आप्पा चुन्याच्या ढिगाकडं बघत राहिला.

सारजाबाई तिसऱ्या पायरीवर होत्या तेव्हा रावजी म्हणाले, "सारजे, खाली उतर."

आवाज मोठा नव्हता. पण घाणीवाल्यानं बैल थांबवला.

"का?"

"उतर म्हणतो न्हवं."

उतरण्याआधी नवरा कशाला भ्यायला हे बघायला सारजाबाईंनी मान वर केली. नाकासमोरच गाठ होती. काळ्या पेडातून हिरव्या लुगड्याच्या काठाची एक चिंधी डोकावत होती. ती त्यांनी स्वतःच, मार्गशीर्षात, वैरागच्या मळ्यात झिजल्या जागी गुंडाळली होती.

त्या उतरल्या. पाटी निंगव्वाच्या हातात दिली.

"अहो, ह्ये आपल्या विहिरीचं नाडं. मोट घेऊन तुटलं, तेवा तुमी तीन दिस जेवला न्हाय." मग बायकांकडं हात करून म्हणाल्या, "मोट तोलली न्हाय त्यानं. ह्या बायका तोलल व्हय?"

 रावजींच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की मोट त्यांची स्वतःची होती.

आप्पा आणि दोन गवंडी परांची उतरवायला, वर न चढता, आकड्यानं गाठी ओढायला लागले. चौथ्या गाठीला मधला वासा आपणहून खाली आला आणि त्याच्यामागून सात फळ्या एकीवर एक आदळल्या. धूळ बसली. निंगव्वाला एकदम हसू आलं. तोंडात पदर कोंबून ती भिंतीला टेकून हसत राहिली, तिचं बघून बाकीच्या, आणि शेवटी सारजाबाईसुद्धा, डोळे पुसत. मग सारजाबाईंनी दोघांची भाकरी नऊजणींत मोडली, कारण घाणीवाल्याची बायकोही आली होती. रावजींनी आणि आप्पानं त्या दिवशी मुकाट्यानं फुटाणे खाल्ले.

दुपारी बाजारातून काथ्याचा नवा दोर आला. दिवसाची मजुरी सगळ्यांना पुरी मिळाली. सारजाबाई ती वाटून होईपर्यंत तिथंच बसल्या होत्या. काम का झालं नाही, याला धोंडीरामाकडं रकाना नव्हता. त्यानं "पावसामुळे खोळंबा" असं लिहिलं. चैत्र होता, डोक्यावरचं आभाळ पितळेच्या ताटासारखं.

चार दिवसांनी गुरप्पा घोंगडी पांघरून आला आणि बांधायला लागला. निंगव्वा पहिली पाटी घेऊन वर गेली, फळीवर मुद्दाम एकदा पाय आपटला आणि खाली आली. गूळ रावजींनी स्वतः दिला. खडा नेहमीपेक्षा मोठा होता. तिनं तो अर्धा मोडून घोंगडीवाल्याच्या तोंडात घातला.

धोंडीरामाचा कागद कुणी दुरुस्त केला नाही. निंगव्वा पुढं आणखी अकरा वर्षं कामाला होती. तिनं पहिली पाटी नेलेल्या परांचीवरून त्या अकरा वर्षांत कोणी पडलं नाही.