दाजी आणि टाकीतली मंडळी

सोमवारी मी माझ्या लॉजच्या कोठीतली ब्लीचची दोन पिंपं मोरीत रिकामी केली. चादरी धुवायला घेतली होती, जरा जास्तच झाली, आणि सीझनच्या तोंडावर कोठीत दोन खाटा टाकून तिची खोली करायचा माझा विचार होता. शिवाय वाटेतलं गटार आपोआप स्वच्छ होईल, दाजींचं काम हलकं होईल, असाही एक उदात्त हेतू होताच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डोंगरउतारावरून गावाचं सांडपाणी ज्या प्लांटात जमतं, तिथे ते बावीस वर्षं ऑपरेटर. तिथल्या मोठ्या टाकीत खालून हवा सोडतात आणि तिच्यावर वाढणारे जिवाणू घाण खाऊन पाणी निवळतात. दाजी त्यांना 'मंडळी' म्हणतात. पर्यटकांची गर्दी झाली की "मंडळींना आज अजीर्ण." गाव ओस पडलं की "मंडळी उपाशी." ताई म्हणते, एवढी चौकशी माझ्या माहेरच्यांची कधी केली नाही.

मंगळवारी टाकीतला तपकिरी गाळ राखाडी पडला, वर पांढरा फेस आला. मंडळी मेली होती. आणि शुक्रवारी तपासनीस पाण्याचा नमुना न्यायला येणार. नापास झाला, तर प्लांट ठेकेदाराकडे आणि दाजी घरी.

दाजी मुळातच संशयी. दुधात पाणी निघालं नाही, तर त्यांचा दूधवाल्यावरचा संशय वाढतो. माणसं खोटं बोलतात, गटारातली झुरळं बोलत नाहीत, हे त्यांचं शास्त्र. पहार घेऊन ते एकेक चेंबर उघडत चढण चढू लागले. सगळीकडे मेलेली झुरळं. लाँड्रीवाल्याला त्यांनी दारातच गाठलं.

"काय ओतलंस?"

"साबणाचं पाणी, दाजी. रोजचंच."

"रोजचंच असतं तर मी आलो असतो का?"

पण लाँड्रीच्या वरच्या चेंबरातही झुरळं मेलेलीच. म्हणजे गुन्हेगार आणखी वर. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होतो. माझ्या फाटकासमोरच्या चेंबरात मेलेली. त्याच्या वरच्यात जिवंत, चांगली धष्टपुष्ट. दाजींनी झाकण सावकाश लावलं आणि फाटक उघडलं.

"मेहुणे, काय होतं आणि किती?"

"कसलं काय, दाजी?"

"ब्लीच असेल तर नव्या गाळावर निभावेल. दुसरं काही असेल तर टाकी उपसावी लागेल, आणि मग शुक्रवार काही गाठता येत नाही."

मी सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, फक्त गाडी काढा म्हणाले.

पर्यटकांना फिरवायची माझी जीप, शेजारच्या गावच्या प्लांटातून ताज्या गाळाचे अठरा कॅन आणि स्टिअरिंगवर मी. घाटाच्या प्रत्येक वळणावर मागे नवी मंडळी डचमळत होती. दाजी पूर्ण वाट मान मागे वळवून बसले होते, मी एखादा कॅन दरीत सोडून देईन म्हणून.

शुक्रवारचा नमुना पास झाला. जीपमध्ये मात्र त्या सीझनला कोणी नाकाला रुमाल लावल्याशिवाय बसलं नाही.

पुढे एकदा ताईकडे जेवताना मी हळूच विचारलं, "दाजी, खरं सांगा, पहिल्यापासून तुमचा संशय माझ्यावरच होता ना?"

"नाही, सगळ्यात आधी तुमच्या बहिणीची मोरी तपासली."