नेन्यांच्या गाडीचं पासिंग

एका गाडीचे किती किस्से असावेत याला काही मर्यादा? इथे आखातात, फुजैरात आमची पाच-सहा मराठी घरं, आणि कुठल्याही घरी चहाला बसा, विषय फिरून फिरून नेन्यांच्या गाडीवर येतोच.

गाडी युरोपातली, छोटी, स्वस्तातली, आणि भयंकर जुनी. नेन्यांच्या मुलीला, इराला, जन्मल्यावर हॉस्पिटलमधून घरी आणलं ते याच गाडीतून. त्यामुळे विकायचं नाव काढलं की नेने जेवत नाहीत. आणि हे नेने कोण? ऑइल टर्मिनलवरचे करोजन इंजिनिअर! टाक्यांना गंज लागू नये म्हणून कंपनी त्यांना पगार देते!

*

पहिल्यांदा मी बसलो तेव्हा दार ओढलं आणि आतलं हँडल हातात आलं. मी गार!

नेने शांतपणे म्हणाले, "असू द्या हातात. उतरताना लागेल."

*

एकदा मागच्या सीटवरून इरा ओरडली, "बाबा, आय कॅन सी द रोड!"

"शाब्बास! मोबाइल सोडून रस्ता बघायला लागलीस एकदाची."

"नो बाबा, अंडर माय फीट!"

आम्ही वाकून पाहिलं. खरंच रस्ता पळत होता!

*

बीचवरून निघताना तर शिस्तच होती. "समुद्राचं मीठ म्हणजे पत्र्याचा काळ! पाय धुतल्याशिवाय कोणी आत बसायचं नाही." मग आम्ही सगळे पार्किंगमध्ये प्यायच्या पाण्याच्या बाटल्यांनी पाय धुवायचो. आमच्यातले पाटील एकदा वैतागून म्हणाले, "अहो, देवळात जाताना तरी आम्ही एवढे धुतो का!"

*

दुबईतल्या अल क्वोजच्या गॅरेजमध्ये मी सोबत होतो. मेकॅनिकने खाली जॅक लावला. जॅक वर आला, गाडी खालीच! पत्रा फोडून जॅकचं डोकं आत आलं होतं.

मेकॅनिकने हात जोडले. "साहब, वेल्डिंग किधर करूँ? पकड़ने को लोहा तो चाहिए!"

तरी नेन्यांनी कसंबसं ठिगळ लावून घेतलंच. घरी आल्यावर सुनीतावहिनी म्हणाल्या, "यंदा पासिंग झालं नाही तर खलास! गाडी भंगारात." नेने त्या दिवशीही जेवले नाहीत.

*

पासिंगला आम्ही सगळेच गेलो. दिवे ओके. ब्रेक ओके. नेन्यांचा चेहरा खुलायला लागला. तेवढ्यात इन्स्पेक्टरने ड्रायव्हरची सीट मागे सरकवली आणि मॅट उचललं.

खाली पुड्याच पुड्या! काही फुटलेल्या, ओल्या. मोहऱ्या, सुक्या मिरच्या आणि मीठ. मिठाखालच्या पत्र्यावर त्याने बोट टेकवलं, ते सरळ आरपार गेलं.

"ये क्या है? नमक?" त्याने मान हलवली. "खलास, हबीबी."

वहिनींनी इराकडे पाहिलं.

"डोंट लुक ॲट मी. आस्क बाबा!"

नेने घाम पुसत पुटपुटले, "गाडीची दृष्ट काढायचो. नंतर ते तव्यावर जाळलं की स्मोक अलार्म वाजतो. मग टाकू कुठे?"

"मीठ?" मी किंचाळलोच. "अहो नेने, तुम्ही? गाडीत? मीठ?"

नेने एकदम माझ्यावरच उसळले, "मग काय करणार! नजर किती वाईट आहे तुम्हा लोकांची!"