प्रकाशच्या दुकानाचा पूर्वपक्ष

काल दुपारपासून ज्यांनी ज्यांनी ‘देवमाणूस गेला’ असं पोस्ट केलं आहे, त्यांच्यापैकी एकानेही प्रकाशकडून कुत्र्याचं पिल्लू विकत घेतलेलं नाही.

प्रकाश हा माझ्या पत्नीचा, नलिनीचा, धाकटा भाऊ.
हिमायतनगरात त्याचं पेट शॉप होतं. रस्त्याकडे तोंड केलेल्या काचेच्या पेट्या, आणि पेट्यांत लॅब्रेडॉर, पग, पॉमेरेनियन.

गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं, असा संकेत आहे.
संकेत म्हणजे प्रमाण नव्हे.

तो प्रेमळ होता, हे मला मान्य आहे. पिल्लांवर त्याचा जीव होता, हेही मान्य आहे. जीव असणं आणि जीव जगवणं या मात्र दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

पिल्लू जितकं लहान, तितकं लवकर विकलं जातं. म्हणून आईचं दूध सुटायच्या आत पिल्लं आणली जात. मलूल झालेल्याला ग्लुकोज पाजून गिर्‍हाईक येईपर्यंत उभं ठेवलं जाई.
ही बाजाराची रीत.

प्रकाशची स्वतःची एक जास्तीची रीत होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता. पिल्लू आठवड्याच्या आत मेलं, तर त्याच जातीचं दुसरं फुकट.
“जबान दिया सो दिया,” असं तो गिर्‍हाइकाला छातीवर हात ठेवून सांगे.

एकदा मी दुकानात बसलो असताना एका बँक कारकुनाची मुलगी आली. तिचं पिल्लू मेलं होतं. प्रकाशने लगेच त्याच रंगाचं दुसरं काढून तिच्या हातात दिलं.
म्हणाला, “नाव तेच ठेव, बेटा. सोपं पडतं.”

मुलीने पिल्लू घेतलं. त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढे आमच्या मराठी मंडळाने एक चर्चा ठेवली. दुकानांतून कुत्री विकायला कायद्याने बंदी असावी का, असा विषय. परदेशात कुठे कुठे असे कायदे झाल्याच्या बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या, आणि मंडळातले बरेच जण प्रकाशचे गिर्‍हाईक. जे काही ठरेल ते त्याच्या दुकानाचं ठरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वक्ता म्हणून माझं नाव प्रकाशनेच सुचवलं. घरचा वकील असताना बाहेरचा कशाला, असं तो कार्यकारिणीला म्हणाला.
मी कोणत्या बाजूने बोलणार, हे त्याने विचारलं नाही.
विचारलं असतं, तर सांगितलं असतं.

आमच्या घराण्यात वादाची एक शिस्त आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा. म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला जमणार नाही इतकं भक्कम करून मांडायचं. मग उत्तरपक्ष, म्हणजे ते पाडायचं. दुबळी भिंत पाडण्यात पुरुषार्थ नाही, असं वडील म्हणत.

मी पूर्वपक्ष मांडला. माणसाचा पोट भरण्याचा हक्क. घेणार्‍याचं स्वातंत्र्य. एका विक्रेत्याच्या पापासाठी सगळ्यांना शिक्षा कशाला. नियम असताना बंदी कशाला.

टाळ्या पडल्या. प्रकाशने डोळे पुसले.
आणि त्याला वाटलं, भाषण संपलं.
सगळ्या हॉलला चहा सांगायला तो आनंदाने बाहेर गेला.

स्वतःच्या हातात ट्रे घेऊन तो परतला, तोवर उत्तरपक्ष मध्यावर आला होता. मी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, “प्रकाश, पिल्लू मेलं तर तू दुसरं देतोस ना?”

“हौ दाजी. पूर्‍या हिमायतनगरात दुसरा कुणी देत नाही.”

“किती मेल्यावर ही स्कीम काढावीशी वाटली?”

चहा घ्यायला कुणाचा हात पुढे आला नाही.
तो ट्रे धरून उभा राहिला. मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

कायदा आपल्याकडे काही झाला नाही. दुकान तेवढं बंद झालं. आधी मंडळातली गिर्‍हाइकं गेली, मग त्यांचे शेजारी. त्या वर्षीच्या भाऊबीजेला प्रकाश आमच्याकडे आला नाही. नलिनी ओवाळणीचं ताट घेऊन सिकंदराबादला त्याच्या घरी गेली. मला चला म्हणाली नाही.

मी त्याचं दुकान बंद पाडलं, असं आजही काही नातेवाईक म्हणतात. ते चूक आहे. दुकान पिल्लांनी बंद पाडलं. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून मी बोललो.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात नलिनी औषधं आणायला खाली गेली, तेव्हा खाटेवर प्रकाश आणि शेजारी मी, असे आम्ही दोघेच होतो.

“दाजी, त्या दिवशी माझी बाजू तुम्ही मांडली, तशी मला जिंदगीत जमली नसती,” तो म्हणाला. “पण एक राहिलं तुमचं. माझं दुकान गेलं. पिल्लं कुठं थांबली? आता फोनवर विकतात, अफझलगंजला गाडीच्या डिकीतून काढून देतात. मेलं की नंबर बंद. माझ्याकडं लोकांना भांडायला तरी येता यायचं.”

मुद्दा चांगला होता. त्याने आयुष्यात मांडलेला एकमेव चांगला मुद्दा.
म्हणूनच त्याला उत्तर देणं भाग होतं.

डिकी वाईट आहे म्हणून काचेची पेटी चांगली ठरत नाही, मी म्हणालो. बंदी दोन्हींवर हवी.

आजारी माणसापुढे गप्प बसणं म्हणजे त्याला जिवंतपणीच वादातून बाद करणं. तो अपमान मी केला नाही.

जिन्यावर नलिनीची पावलं वाजली, तेव्हा प्रकाश हळूच म्हणाला,
“ताईला सांगू नका, मी परत हरलो म्हणून.”

मी सांगितलेलं नाही.
ती फेसबुकवर नाही. मंडळातल्या कुणी तिला हे वाचून दाखवू नये.

प्रकाश, तुला श्रद्धांजली.
‘भावपूर्ण’ हा शब्द तुझ्या बहिणीचा आहे. तो मी वापरत नाही.