हिराजीकाकांची दुसरी टक

हिराजीकाका कुणाच्याही घरी गेले की आधी चप्पल काढायचे नाहीत. आधी दार बघायचे. उघडलं, लावलं. परत उघडलं, परत लावलं. कान दाराला, डोळे मिटलेले. आतून माझी आई ओरडायची, "अहो भाऊजी, या की आत, चहा गार होतोय!" तेव्हा कुठे पाय उंबऱ्याच्या आत. आमच्या विठ्ठलवाडीच्या घराची कडी त्यांनी कुणी न सांगता तीनदा सरळ केली. शेजारच्यांचीही केली, आणि शेजारचे तेव्हा गावाला गेलेले.

काका ठाण्यातल्या कोपरीचे, जुने आगरी. आजा मिठागरात, बाप मिठागरात आणि हे गॅरेजात. गॅरेजातसुद्धा इंजिनला हात नाही, ब्रेकला हात नाही. फक्त दारं. लॉक, हँडल, बिजागरी, काच खालीवर करायचा दांडा. पुढे त्यांच्या जागेवर चार माळ्यांची बिल्डिंग उभी राहिली, पोरांनी पार्किंगमध्ये मोठ्या गाड्या लावल्या, आणि हे त्याच पार्किंगमध्ये पाट टाकून कुणाचं तरी गंजकं लॉक खोलून बसलेले. मोठा मुलगा वैतागायचा, "बाबा, लोक काय बोलतील?"

"लोकांना सांग, दार लावून बोला. मना आयकू नाय आला पायजे."

त्यांचं सगळं शास्त्र दोन आवाजांत होतं. गाडीचं दार लावताना दोन टक येतात. पहिली टक आली की दार बंद दिसतं. दुसरी आली की बंद होतं. "पयल्या टकीवर मानूस फसतं," काका म्हणायचे, "दुसरीवर निवांत झोपतं."

पहिल्या टकीवर फसलेला माणूस म्हणजे मी.

माझ्या बाबांची मॅटाडोर होती, शाळेची पोरं नेणारी. मी पहिलीत होतो. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी डाव्या दाराचं लॉक बिघडलं. हिराजीकाकांनी ते बसवलं आणि सांगितलं, "सावंत, दुसरी टक नाय येत. मना अजून एक दिवस दे." बाबा म्हणाले, "उद्या पोरं उभी राहतील रे रस्त्यावर. उद्याचा दिवस चालवून घे." काकांनी चालवून घेतलं. दुसऱ्या दिवशी विठ्ठलवाडीच्या वळणावर दार उघडलं आणि दाराला टेकून बसलेला मी थेट बांधकामाच्या रेतीत. जीव वाचला, कोपर मोडलं. डावा हात अजून सरळ होत नाही. शाळेत पीटीचे सर "हात वर" म्हणाले की सगळ्यांचे हात वर आणि मी रिक्षा थांबवतोय.

मी यावर वीस वर्षं जोक मारतोय. बाबा आणि काका एकदाही हसले नाहीत. घरी येणंजाणं राहिलं, चहा राहिला, पण त्या दिवसाबद्दल दोघं अवाक्षर बोलले नाहीत. आणि त्यानंतर काकांसमोर कुणी "चालवून घ्या" म्हटलं की ते पाना खाली ठेवायचे आणि उठायचे.

बाबांनी शाळेचा धंदा सोडला, मॅटाडोर चाळीमागे ताडपत्रीखाली गेली. गेल्या वर्षी ताईचं लग्न ठरलं आणि ती अडून बसली, "सासरी जाईन तर आपल्या मॅटाडोरमधून." नवरदेवाला वाटलं, मस्करी आहे. त्याला ताई अजून कळायची होती. गाडी पत्रेवाल्याकडे गेली, गंज कापला, नवा पत्रा लागला, आकाशी रंग चढला. पण गाडी पत्रेवाल्याकडे जायच्या आधीच कोपरीला बातमी पोचली आणि काका सकाळीच हजर. "दारा मी लावीन. दुसऱ्या कोनाला हात लावू देव नको."

दारांचं सामान त्यांनी तेव्हाच स्वतः खोलून नेलेलं. काका शाळेत गेलेले नाहीत, त्यामुळे नावं लिहायची भानगड नाही. दर दाराचं सामान जुन्या फडक्यात बांधायचं आणि गाठी मारायच्या. एक गाठ बाबांचं दार, दोन गाठी डावं दार, तीन गाठी मागचं. बिजागरीमागे घालायच्या पातळ पत्र्याही त्यातच. कुठे दोन, कुठे चार, पत्रीच्या जाडीएवढी चूक झाली तरी दार खाली बसतं.

गाडी रंगून चाळीमागे परत आली, काकांनी पुरचुंड्या आमच्या घरी आणून ठेवल्या आणि आमच्याकडे ताईचं केळवण निघालं. पाहुणे येणार म्हणून आईने घर आवरलं. तिन्ही पुरचुंड्या सोडल्या, सगळं सामान चिंच लावून लखलखीत घासलं आणि फराळाच्या एका डब्यात भरलं. वर फडकी धुऊन वाळत घातली.

काकांनी डबा उघडला. एक स्प्रिंग उचलून उजेडात धरली.

"वयनी, चकल्या झ्याक झाल्यात."

आईला कुठे तोंड लपवू असं झालं. काका मात्र एक शब्द वाकडा बोलले नाहीत. चाळीमागे पाट टाकला आणि दोनशे तुकड्यांतून एकेक उचलून गाडीला लावून बघायला लागले. पत्री घाल, दार लाव, ऐक. पत्री काढ, दार लाव, ऐक. त्यात नवं रबर जाड, नवा रंग जाड. दार आपटलं की दुसरी टक यायची, हळू लावलं की नाही. मी म्हटलं, "काका, आपटूनच लावू की." ते म्हणाले, "म्हातारी बसली तर? ती आपटंल? दार लेकरानं लावला तरी लागला पायजे."

केळवणाच्या पाहुण्यांसमोर मी त्यांची नक्कल करत होतो. डोळे बारीक, कान दाराला, "नाय, नाय, अजून नाय." सगळे हसत होते आणि एकदम गप्प झाले. काका मागे उभे.

"आवाज बरोबर काढलास," ते म्हणाले. "पन मी डोले पुरे मिटतंव. बारीक नाय करत. नीट कर."

शनिवारी संध्याकाळी दोन दारं लागली. डावं लागेना. रविवारी लग्न, हॉल डोंबिवलीला. बाबा गाडीभोवती येरझाऱ्या घालत होते. शेवटी काकांच्या समोर थांबले.

"हिराजी, उद्याचा दिवस..."

काकांच्या हातात पाना होता, तो तसाच राहिला. दोघंही माझ्या कोपराकडे बघत नव्हते, इतकं न बघत होते की मीच हात मागे घेतला.

ताई मेंदीचे हात वर धरून उभी होती. म्हणाली, "काका, मी उद्या भाड्याच्या गाडीने जाते. मांडवपरतणीला मात्र याच गाडीतून माहेरी येणार. तुमच्याकडे तीन दिवस आहेत."

"दोन पुरे," काका म्हणाले आणि पाटावर बसले.

लग्नाला ते आले नाहीत. अक्षता पडल्या तेव्हा आमच्या चाळीमागे दार लावत होते आणि काढत होते. आईने त्यांच्यासाठी जेवणाचा डबा पाठवला. निरोप आला, "डब्यात स्क्रू नायत ना, बगून पाठवलाव ना?"

मंगळवारी आम्ही ताईला आणायला निघालो. बाबा चालवायला, मी मागे, आणि डाव्या दाराशी काका. तेच वळण जवळ आलं तशी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अख्खं नव्वद किलोचं अंग दारावर टाकलं.

"काका, अहो!"

"गप. आदी माझा जीव, मंग पोरीचा. सावंत, दाब गारी."

बाबांनी दाबली. वळण गेलं. मी जोक शोधत होतो, सापडला नाही. दार हललंसुद्धा नाही. काका सरळ बसले आणि मागे न बघता म्हणाले, "हात दाव."

मी डावा हात पुढे केला. त्यांनी कोपरावरून अंगठा फिरवला, बिजागरीवर फिरवतात तसा. मग सोडला.

ताईला घेऊन घरी आलो. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी. ताई आणि जावई उतरले, मी उतरलो, काका उतरले. ताई म्हणाली, "काका, दार लावा की."

"सावंत लावंल."

बाबा वळसा घालून आले. एका बोटाने दार ढकललं. टक. टक. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बाबांनी उगाच दारावरून रुमाल फिरवला.

आई म्हणाली, "भाऊजी, या आत." मी सवयीने बाजूला झालो, आता दार दोनदा वाजणार म्हणून. हिराजीकाकांनी चप्पल काढली आणि दाराकडे न बघता सरळ आत गेले.